मुलांच्या स्थूलपणावर वस्तीतच उपचार सुरू करायचे असतील तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही एक क्रीडा मंडळ चालवता. सोबतीला एक परिचारिका आणि एक शिक्षक आहेत. ८ ते १५ वयाच्या, वजन जास्त असलेल्या मुलांसाठी सुट्टीत सहा आठवड्यांचं शिबिर घ्यायचं तुमच्या मनात आहे. आठवड्यातले सहा दिवस रोज एक तास व्यायाम, प्रत्येकाला आहाराचा तक्ता, दर शनिवारी वजन आणि शेवटी सगळ्यात जास्त वजन घटवणाऱ्याला बक्षीस. तक्ता कोणता द्यावा आणि व्यायाम कोणते घ्यावेत, एवढंच तुम्ही विचारलंय.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. रुग्णालयाबाहेर, शाळेच्या सभागृहात किंवा आरोग्यकेंद्राच्या मागच्या खोलीत असे गट मी बरीच वर्षं चालवत आलोय. त्या अनुभवावरून सांगतो, तक्ता आणि व्यायाम हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड भाग म्हणजे कुटुंबाला महिनोन् महिने येत ठेवणं. मुलाचं वजन काही वर्षांत, एका ठरावीक घरात, एका ठरावीक दिनक्रमात वाढलेलं असतं. सहा आठवडे तुम्ही त्याला त्या घरातून रोज तासभर बाहेर काढणार आणि मग तिथेच परत पाठवणार. म्हणून तुमच्या प्रश्नाआधी मी दुसरा एक प्रश्न ठेवतो: या शिबिरात पालक कुठे आहेत?

पुढचं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. मुलांचं वय, वजन किती पुढे गेलंय, तपासणीसाठी डॉक्टर हाताशी आहे का, पालकांना संध्याकाळी मोकळं होता येतं का, यावर उत्तर बदलतं. जिथे बदलतं तिथे तसं सांगतो.

आधी तासांचा हिशोब करू, कारण त्यात एक गंमत आहे. अमेरिकन बालरोग अकादमीने २०२३ मध्ये मुलांच्या स्थूलपणावर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत ३ ते १२ महिन्यांच्या काळात किमान २६ तासांचा प्रत्यक्ष संपर्क असावा असं म्हटलंय. त्याच देशाच्या प्रतिबंधात्मक सेवा कृतिदलानेही २०२४ मध्ये सहा वर्षांवरच्या स्थूल मुलांसाठी २६ तास किंवा त्याहून जास्त हाच आकडा कायम ठेवला. तुमच्या शिबिराचे तास होतात ३६. म्हणजे कागदावर तुम्ही या निकषात उत्तीर्ण आहात! पण या २६ तासांत मूल आणि पालक दोघंही धरलेले आहेत. आहार, हालचाल आणि सवयी बदलण्याची कौशल्यं असं तिन्ही त्यांत यायला हवं. आणि हे तास काही महिन्यांवर पसरलेले हवेत, कारण मधल्या दिवसांत घरी करून बघायचं, अडायचं आणि पुढच्या वेळी त्यावर बोलायचं, हेच उपचाराचं मूळ काम आहे. तुमचे ३६ तास म्हणजे एकट्या मुलाचा व्यायाम. चांगलाच आहे तो, पण त्याला उपचार म्हणता येणार नाही.

याच ३६ तासांचा वेगळा वापर ब्रिटनमधल्या 'मेंड' नावाच्या कार्यक्रमाने केला. ८ ते १२ वयाची मुलं, नऊ आठवडे, आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन तास. पहिला तास मुलं आणि पालक एकत्र बसून अन्न आणि सवयींबद्दल शिकायचे. दुसऱ्या तासात मुलं खेळायची आणि पालक वेगळ्या खोलीत आपल्या अडचणी मांडायचे. त्यानंतर १२ आठवडे सगळ्या कुटुंबाला पोहण्याचा मोफत पास. हे सगळं क्रीडासंकुलांत आणि शाळांत चालायचं, रुग्णालयात नाही. ११६ मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. सहा महिन्यांनी कमरेचा घेर आणि बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) दोन्हींत तुलनेच्या गटापेक्षा स्पष्ट सुधारणा होती. पुढे तो देशभर राबवला गेला तेव्हाही सरासरी सुधारणा दिसली, पण आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्या कुटुंबांतल्या मुलांना फायदा कमी झाला. हे नीट लक्षात ठेवा, कारण तुमच्या वस्तीतली ज्यांना सर्वाधिक गरज आहे ती कुटुंबंच आधी गळणार आहेत. त्यावर पुढे लिहितो.

आता पालकांबद्दल. लेनर्ड एपस्टीन यांनी या विषयात काही दशकं काम केलं आहे. १९९० मध्ये त्यांनी आपल्या कुटुंबाधारित उपचाराचा दहा वर्षांनंतरचा लेखाजोखा मांडला. ज्या गटात मूल आणि पालक दोघांच्या सवयी आणि वजन यांवर काम झालं होतं, त्या गटातल्या मुलांचं जास्तीचं वजन दहा वर्षांनीही सुरुवातीपेक्षा कमी होतं. तुलनेच्या गटात ते वाढलं होतं. इस्राएलमध्ये मोरिया गोलान यांनी तर याच्याही पुढे जाऊन फक्त पालकांसोबत काम केलं, मुलांना बोलावलंच नाही. फक्त मुलांना शिकवलेल्या गटापेक्षा या मुलांची प्रगती चांगली झाली. २०२३ मध्ये एपस्टीन यांच्या गटाने हाच उपचार बालरोगतज्ज्ञांच्या नेहमीच्या दवाखान्यांत, प्रशिक्षित मार्गदर्शकांकडून देऊन पाहिला. ६ ते १२ वयाची मुलं आणि त्यांचे पालक अशा ४५२ जोड्या होत्या. दोन वर्षांनी मुलांमध्ये आणि पालकांमध्ये फरक दिसला, आणि ज्यांच्यावर कोणीही थेट उपचार केले नव्हते त्या भावंडांनाही फायदा झालेला आढळला.

भावंडांचा हा भाग मला फार बोलका वाटतो. घरात काय आणलं जातं, टेबलावर काय मांडलं जातं, रात्री दिवे कधी मालवले जातात, हे दहा वर्षांचं मूल ठरवत नाही. त्यामुळे माझ्या गटात पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला जातो: एका मुलासाठी घरात वेगळा नियम करायचा नाही. गोड पेयं बंद करायची तर सगळ्यांची, बाबांचीसुद्धा. सडपातळ बहिणीच्या हातात बाटली आणि तिच्या भावाच्या हातात पाण्याचा पेला, असं ज्या घरात होतं तिथे महिन्याभरात चोरून खाणं सुरू होतं. मग पालक तक्रार घेऊन येतात की हा खोटं बोलतो. तुम्हीही ही तक्रार ऐकणार आहात, तेव्हा आधी घरातल्या नियमांची चौकशी करा.

पालकांशी बोलताना दोष देण्याचा सूर अजिबात नको. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतल्या बीएमआयच्या फरकात साधारण ४० ते ७० टक्के वाटा अनुवांशिकतेचा आहे. एकाच घरात, एकाच ताटातलं खाऊन एक मूल बारीक राहतं आणि दुसरं फुगत जातं ते उगाच नाही. हे मी पालकांना पहिल्याच सत्रात सांगतो. त्यानंतर खोलीतला ताण उतरलेला दिसतो. आपल्यावर खटला भरलेला नाही हे कळलं की माणसं खरं बोलू लागतात, आणि खरं कळल्याशिवाय इथे काहीच करता येत नाही.

मुलांची निवड करताना नुसत्या नजरेवर जाऊ नका. नजर फसवते, दोन्ही बाजूंनी. उंची आणि वजन नीट मोजून बीएमआय काढा आणि तो वय आणि लिंगानुसार वाढीच्या तक्त्यावर मांडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या ५ ते १९ वयाच्या तक्त्यांत सरासरीपेक्षा एक प्रमाण विचलन (मुलांमुलांतल्या नेहमीच्या फरकाचं संख्याशास्त्रातलं माप) वर गेलं तर जास्त वजन आणि दोनच्या वर गेलं तर स्थूलपणा मानतात. काही देशांचे स्वतःचे तक्ते आहेत आणि त्यांतल्या रेषा थोड्या वेगळ्या आहेत. कोणताही एक घ्या, पण वर्षभर तोच ठेवा. प्रौढांसाठीचे २५ आणि ३० हे आकडे लहान मुलांना लावू नका. दहा वर्षांच्या मुलाचा बीएमआय २३ असेल तर प्रौढांच्या मोजपट्टीवर तो ठीक दिसेल. पण त्या वयात तो स्थूलपणाच्या रेषेपलीकडे असतो.

प्रवेश देण्याआधी प्रत्येक मुलाला एकदा डॉक्टरने पाहिलेलं असलंच पाहिजे. यात मी तडजोड करत नाही. बहुतेक मुलांमध्ये वेगळा आजार सापडत नाही, पण काही खुणा दिसल्या तर गटाआधी तपासणी हवी. त्यांतली सगळ्यात उपयोगी खूण उंची. अति खाण्यातून वजन वाढलेली मुलं बहुधा वयाच्या मानाने उंच असतात. वजन वाढतंय आणि उंची मात्र थांबलीये किंवा मूल बुटकं राहिलंय, तर थायरॉइड, कॉर्टिसोल (ताणाचं संप्रेरक) किंवा वाढीच्या संप्रेरकाचा दोष शोधावा लागतो. पाच वर्षांच्या आतच सुरू झालेला तीव्र स्थूलपणा आणि कधीच न भागणारी भूक असेल, किंवा विकासात मागे पडणं सोबत असेल, तर जनुकीय कारणाचा विचार करतात. घरी चालू असलेली औषधं विचारा. स्टिरॉइड, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढतं, आणि पालक ते आपणहून सांगतीलच असं नाही. ही औषधं परस्पर बंद मात्र करू नका, देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

काही खुणा घाईच्या आहेत. लंगडणं किंवा मांडी, कंबर, गुडघा दुखणं ही त्यांतली पहिली. जड मुलांमध्ये मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोल भाग हाड वाढतं त्या थरावरून घसरू शकतो, आणि दुखतं कित्येकदा फक्त गुडघ्यात. अशा मुलाला पळवलंत तर कायमचं नुकसान होऊ शकतं. खूप तहान आणि सारखी लघवी, उलट्यांसह डोकेदुखी किंवा अंधुक दिसणं, घोरताना श्वास अडकणं आणि दिवसा पेंगणं, यांतलं काही असेल तर थेट डॉक्टरकडे पाठवा. मानेवर किंवा काखेत काळसर, मखमलीसारखी जाड त्वचा दिसली तर ती मळ समजून घासायला लावू नका. ती शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण असू शकते. रक्तदाब सगळ्यांचा मोजावा, आणि मुलाच्या मापाचा पट्टा वापरून, कारण छोट्या पट्ट्याने आकडा खोटा वर जातो. दहा वर्षांवरच्या स्थूल मुलांमध्ये रक्तातली साखर, चरबीचे घटक आणि यकृताची एक चाचणी करून घेतात. तुमच्या सोबतच्या परिचारिकेला या खुणा पाठ हव्यात. तुमचा हा उपक्रम आणि नुसता व्यायामवर्ग यांत फरक पडतो तो तिच्यामुळे.

८ ते १५ वर्षांची मुलं एकाच गटात ठेवू नका. बारापर्यंतच्या मुलांचा उपचार पालक चालवतात आणि मूल सोबत असतं. किशोरांचं गणित उलटं. पंधरा वर्षांच्या मुलीसमोर तिच्या आईने तिच्या खाण्याचा पाढा वाचला की ती मुलगी पुढच्या वेळी येणार नाही. किशोरांचं सत्र वेगळं घ्या, पालकांचं वेगळं, आणि मुलाने खोलीत सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही हे आधीच दोघांना सांगा. मुलाच्या जिवाला धोका दिसला तरच याला अपवाद. माणसं कमी असतील तर एकच वयोगट घ्या. मी तुमच्या जागी असतो तर ८ ते ११ घेतला असता. त्या वयात उंची अजून वाढायची असते आणि पालकांचं मूल ऐकतं, म्हणजे दोन्ही गोष्टी तुमच्या बाजूने असतात.

उंची तुमच्या बाजूने म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. १४० सेंटिमीटर उंचीच्या, ५० किलोच्या मुलाचा बीएमआय होतो २५.५. वर्षभरात त्याचं वजन एक ग्रॅमही घटलं नाही, पण उंची १४६ झाली, तर बीएमआय उतरतो २३.५ वर. अजून रेषेच्या वरच आहे, पण दिशा बदलली. या वयाच्या बऱ्याच मुलांसाठी वजन स्थिर ठेवणं हे पुरेसं आणि सुरक्षित लक्ष्य असतं. आता तुमचं बक्षीस आठवा. या मुलाने सहा आठवड्यांत वजन तेवढंच राखलं तर त्याने नेमकं हवं ते केलं, आणि तुमच्या स्पर्धेत तो शेवटचा आला! बक्षीस मिळालं कोणाला, तर ज्याने जेवण टाळलं त्याला. ती स्पर्धा काढून टाका. सगळ्यांसमोरचं शनिवारचं वजनही काढून टाका. वजन आणि उंची महिन्यातून एकदा, बंद दाराआड, एका मोठ्या माणसाने मोजावी, आकडा मोठ्याने उच्चारू नये. मुलाला तो बघायचा नसेल तर काट्याकडे पाठ करून उभं राहू द्यावं.

ही नाजूक मनांचे लाड पुरवण्याची भाषा नाही, उपचाराचा भाग आहे. वजनावरून चिडवलं गेलेली मुलं जास्त खातात, खेळापासून लांब पळतात आणि पुढे आणखी जड होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. एक चांगली बातमीही आहे. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली नीट चालवलेल्या कार्यक्रमांत खाण्याच्या विकारांचा धोका सरासरीने वाढत नाही, उलट घटतो. धोका असतो तो मुलांनी स्वतःच मनाने केलेल्या उपाशी प्रयोगांत. म्हणून मार्गदर्शकांनी डोळे उघडे ठेवायचे: वजन झपाट्याने उतरणं, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाणं, एकटं खाणं, पाळी चुकणं, सारखं आरशात बघणं. यांतलं काही दिसलं तर आहाराबद्दलची सगळी चर्चा त्या मुलापुरती थांबवून मानसतज्ज्ञाची मदत घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, तक्ता कोणता. माझं उत्तर: कोणताच नाही. यामागे माझं मत आहेच, पण एक ठोस अनुभवही आहे. येल विद्यापीठात मेरी सॅव्होय यांनी 'ब्राइट बॉडीज' हा कार्यक्रम उभा केला. त्याच्या चाचणीत एका गटाला ठरवून दिलेला जेवणाचा तक्ता होता आणि दुसऱ्या गटाला अधिक चांगले पर्याय निवडायला शिकवलं होतं. तक्त्याच्या गटातून इतकी गळती झाली की तो गट बंदच करावा लागला. उरलेल्या गटाचे निकाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ८ ते १६ वयाची मुलं, पहिले सहा महिने आठवड्यातून दोनदा व्यायाम, एकदा आहार आणि सवयींचं सत्र, पुढचे सहा महिने कमी वेळा भेटी. वर्षाअखेर या मुलांचं वजन सरासरी जेमतेम ०.३ किलो वाढलं होतं. नेहमीचा सल्ला मिळालेल्या मुलांचं ७.७ किलो. वजन घटलं नाही, थांबलं, आणि तरी ते मोठं यश होतं.

तक्त्याऐवजी मी एपस्टीन यांची सिग्नलच्या दिव्यांची पद्धत वापरतो. खाण्याचे पदार्थ तीन रंगांत वाटायचे: हिरवं हवं तेवढं, पिवळं मापात, लाल कधीतरी. आठ वर्षांच्या मुलालाही ती पाच मिनिटांत कळते. फक्त 'लाल' म्हणजे वाईट आणि ते खाणारा वाईट, असा अर्थ मुलं पटकन लावतात. तो लागू देऊ नका. आठवड्यात लाल किती वेळा, एवढंच मोजायचं. बदल एका वेळी एकच. बहुतेक घरांत मी गोड पेयांपासून सुरुवात करतो, कारण ती पोट भरत नाहीत, घरातून काढणं सोपं असतं आणि त्याजागी पाणी तर असतंच. फळांचा रसही मी त्याच गटात धरतो, यावर पालक दर वेळी वाद घालतात. मग जेवताना टीव्ही-फोन बंद, ताटाचा आकार, दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी थोडं थांबणं, असं एकेक. मुलाने आणि पालकाने रोज दोन ओळींची नोंद ठेवायची. मला त्या नोंदीतल्या आकड्यांपेक्षा तिचं सातत्य महत्त्वाचं वाटतं. नोंद बंद पडली की मला कळतं, घरात काहीतरी बिनसलंय.

झोपेकडे तुमच्या आराखड्यात लक्षच नाही. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास आणि किशोरांना ८ ते १० तास झोप लागते. कमी झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी जास्त खातं आणि कमी हलतं. फोन रात्री मुलाच्या खोलीबाहेर चार्जिंगला ठेवणं हा बदल काही कुटुंबांत आहाराच्या सगळ्या चर्चेपेक्षा जास्त काम करून गेलेला मी पाहिलाय.

व्यायामाबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारी. मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. त्यात जड मूल सगळ्यांच्या मागे, सगळ्यांच्या नजरेसमोर धापा टाकत असतं. ढकलणं, ओढणं, उचलणं, फेकणं असे खेळ ठेवा. या मुलांच्या अंगात ताकद जास्त असते आणि आयुष्यात प्रथमच ती कोणाला तरी हरवतात. एखादं बाद होऊन बाहेर बसेल असा खेळ नको. आणि व्यायाम ही शिक्षा म्हणून कधीही वापरू नका.

गळतीचं आता. कुटुंबं येणं थांबवतात त्यामागे बहुधा आळस नसतो. पालकाची कामाची पाळी बदलते, धाकट्याला सांभाळायला कोणी नसतं, यायला वाहन नसतं, मुलाला तिथे कोणीतरी काहीतरी बोललेलं असतं. पहिली गैरहजेरी झाली की त्याच दिवशी फोन करा, दुसरी व्हायची वाट बघू नका. फोनवर "का आला नाहीत" असं न विचारता "पुढच्या वेळी यायला काय सोपं करू" असं विचारा. सत्राच्या वेळी धाकट्या भावंडांसाठी बाजूला खेळायची सोय ठेवा. ज्यांना येणं अशक्यच आहे त्यांना आठवड्यातून एकदा वीस मिनिटांचा फोन द्या. तासांचा आकडा भरत नाही म्हणून कुटुंब सोडून देऊ नका. डेन्मार्कमध्ये होल्बेकच्या बालस्थूलता दवाखान्याने एकेका कुटुंबाला मोजक्याच भेटी, पण दीर्घ काळ आणि प्रत्येकासाठी वेगळा आराखडा, अशी पद्धत बसवली. पुढे ती अनेक नगरपालिकांनी आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांकरवी राबवली. म्हणजे गट हा एकमेव साचा नाही. तुमच्याकडे सभागृह नसेल पण चिकाटीची परिचारिका असेल, तर हा मार्ग जास्त जवळचा.

निकालाची अपेक्षा बेताची ठेवा आणि पालकांनाही तशीच द्या. २०१७ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ६ ते ११ वयाच्या मुलांवरच्या ७० चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा सरासरी परिणाम छोटाच निघाला. त्या सरासरीत उत्तम कार्यक्रम आहेत आणि चार पत्रकं वाटून संपलेलेही आहेत. तरी एक गोष्ट खरी आहे की काही मुलं खूप सुधारतात, बरीच थोडी सुधारतात आणि काही अजिबात नाही. म्हणून मी वजनाखेरीज कमरेचा घेर, रक्तदाब, जिने चढताना लागणारी धाप, झोप आणि मुलाचं शाळेतलं मन याही नोंदी ठेवतो. वजन जागचं हलत नसताना या गोष्टी सुधारत असतील तर ते कुटुंब यशस्वीच आहे, आणि हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

ज्यांच्यात फरक पडत नाही त्यांना पुढे पाठवायची वाट आधीच ठरवून ठेवा. तीव्र स्थूलपणा असलेल्या किशोरांना गटसत्रं एकटी पुरत नाहीत. बारा वर्षांपासून पुढे औषधांचा पर्याय आज उपलब्ध आहे. २०२२ च्या चाचणीत सेमाग्लुटाइड हे भूक कमी करणारं औषध घेणाऱ्या किशोरांचा बीएमआय ६८ आठवड्यांत सरासरी १६ टक्के उतरला, औषधाविना सवयींवर काम करणाऱ्यांचा जवळजवळ तिथेच राहिला. निवडक मुलांमध्ये शस्त्रक्रियेचाही विचार होतो. हे निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांचे. तुमचं काम एवढंच की "औषध म्हणजे पळवाट" असं तुमच्या गटात कोणी म्हणू नये, कारण ते ऐकणाऱ्यांत ज्याला त्याची गरज आहे तो मुलगाही बसलेला असतो.

तर तुमच्या आराखड्यात मी हे फेरफार करीन. सुट्टीचे सहा आठवडे ठेवा, पण ती सुरुवात समजा: आठवड्यातून दोन सत्रं, प्रत्येकी दोन तास, किमान एक पालक सोबत, एकच वयोगट, आठ ते बारा कुटुंबं. शाळा सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा, तीन महिने. मग महिन्यातून एकदा, वर्ष पूर्ण होईतो. सुरुवातीला डॉक्टरची तपासणी, मोजमाप खासगीत, बक्षीस नाही, तक्ता नाही. उपक्रमाच्या नावात आणि फलकावर वजन, लठ्ठ, स्थूल असे शब्द नकोत. मुलाला तिथे जाताना वर्गमित्राने पाहिलं तरी लाज वाटू नये.

आणि वर्षभर चालवण्याइतकी माणसं किंवा निधी खरंच नसेल, फक्त सहाच आठवडे हातात असतील, तर उपचार या नावाखाली काही सुरू करू नका. ते सहा आठवडे तुमचं मैदान वस्तीतल्या सगळ्या मुलांसाठी उघडा, जाडी-बारकी सगळी, कोणाचंही वजन न करता. परिचारिकेला एका कोपऱ्यात बसवा, ज्या पालकांना काळजी वाटते ते आपणहून येऊन विचारतील. त्यांतून सहा-सात कुटुंबं तयार झाली, तर पुढच्या वर्षीचा गट त्यांच्यापासून सुरू करता येईल.